अरबांच्या भरोशावरचा कांदा

आमच्या सुलतानपुरात लोक भेटले की रामराम करायचे. किसनभाऊ विचारायचे, "वहिनी, अरबायनं तेल सोडलं का?"

रेडिओ आमच्याकडे, म्हणून हा प्रश्न मला. सकाळच्या बातम्या लागल्या की शेजारचे किसनभाऊ ओट्यावर हजर. हातात चहाचा कप, पण बसणं म्हणून नाही. उभ्यानेच फुंकर मारत इकडून तिकडे फेऱ्या. "अहो, बसा की जरा, ओटा झिजेल माझा," असं मी म्हटलं की म्हणायचे, "बसून कसं जमन? कांदा तहानला तिकडं." जालन्यापलीकडे कधी न गेलेला माणूस, पण त्या दूरदेशीच्या लढाईची त्यांना घरच्या भांडणासारखी काळजी.

त्र्याहत्तर साली अरबांची लढाई झाली, तेलवाल्या देशांनी हात आखडता घेतला आणि आमच्याकडे डिझेल मिळेनासं झालं. भाऊंनी नुकतेच मोटेचे बैल विकून विहिरीवर डिझेलचं इंजिन बसवलं होतं. त्याचाच त्यांनी जिवाला घोर लावून घेतला. "बैलाचा चारा आपल्या वावरात होता, वहिनी. याचा चारा समुद्रापार. त्यायच्या भांडनात माया कांदा काऊन मरावा, सांगा बरं?" मी आपला त्यांचा कप पुन्हा भरला.

कांदा पोसायला लागला होता. आणखी एखाद-दोन पाणी मिळाली तर वर्ष निघणार होतं, नाहीतर घरात खायचे वांधे. भाऊ एस.टी.नं रिकामा डबा घेऊन लोणारला जायचे आणि रिकामाच घेऊन परत यायचे.

एका दुपारी त्यांच्या वावराकडून भजी तळल्याचा वास आला. मला वाटलं, भाऊंच्या लेकीचं, सुमनचं लग्न तोंडावर आलंय, तिच्या आईनं, द्वारकाबाईंनी कढई चढवली असेल. जाऊन बघते तर काय! इंजिन धडधडतंय, त्याच्या धुराला भज्यांचा वास, पाटातून पाणी धावतंय आणि भाऊ शेंगदाण्याच्या तेलाचा डबा धरून उभे. गोड्या तेलावरही इंजिन चालतं, असं त्यांना कुणा मिस्त्रीनं सांगितलं होतं म्हणे.

ते तेल सुमनच्या लग्नासाठी घाण्यावरून काढून आणलेलं. द्वारकाबाई धावत आल्या. "अवो, पोरीच्या लग्नाचं तेल ते! वऱ्हाड्यायले काय वाढू, धूर?"

भाऊ ओततच राहिले. डबा संपला तसा इंजिनाचा आवाज पडायला लागला. निम्मा कांदा अजून कोरडा होता. दुसऱ्या डब्याकडे त्यांचा हात गेला आणि तिथेच थांबला. आईच्या मागे सुमन उभी होती.

"सुमे, तुयं तेल हाय. तू सांग."

सुमनने डबा उचलून त्यांच्या हातात दिला. "ओता, बाबा. पाहुने पुऱ्या खाऊन जातीन आपापल्या घरी. मीबी जाईन. मंग तुमी दोघं काय खासान?"

लग्नात पुरी नव्हती की बुंदी नव्हती. वरण, भात, कोरड्या पोळ्या आणि वावरातून उपटून आणलेला ओला कांदा. नवरदेवाचे काका भर पंगतीत ओरडले, "लग्नाले बलावलं का उपासाले?" भाऊ वाढता वाढता म्हणाले, "पाहुने, तुमच्या वाटचं तेल वावरानं पेलं. कांदा घ्या." सगळे हसले, सुमनही हसली. मला मात्र त्या काकांचा असा संताप आला की मी त्यांच्या पानाकडे पुन्हा फिरकलेच नाही.

वऱ्हाडाची गाडी वळणाआड गेली आणि भाऊ रस्त्यातच मटकन खाली बसले. लहान मुलासारखे रडले हो. "पोरीचं तेल जाळलं म्या, वहिनी. सोताच्या लग्नात तिले एक पुरी नाही भेटली."  

द्वारकाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या दंडाला धरलं. "उठा आता. कांदा काढाले आला. पयलं पोतं सुमीच्या घरी पाठवाचं."