लक्ष्म्यांमागची भिंत

एसी बसवला तो आत्याबाईंच्या दम्यासाठी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. परभणीच्या उन्हाळ्यात त्यांचा जीव नुसता कासावीस व्हायचा. मधल्या खोलीत त्यांचा पलंग, तिथंच एसी लावला. महिनाभरात तो टपटपायला लागला, म्हणून खाली पातेलं ठेवलं. चार दिवसांनी टपटप आपोआप थांबली आणि मीच म्हणाले, झालं बाई एकदाचं नीट. पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाला उतारच दिलेला नव्हता आणि पाणी आता लोखंडी कपाटामागच्या भिंतीत मुरत होतं, हे मला शहाणीला कुठलं कळायला.

उन्हाळाभर आत्याबाई म्हणायच्या, "कायतरी कुबट वास मारायलाय गं." मी फिनाइलनं फरशी पुसायचे आणि वर त्यांनाच ऐकवायचे, तुमचं नाक लय तिखट हाय.

भादव्यात महालक्ष्म्या मांडायला कपाट सरकवलं. भिंतीवर परातीएवढा काळा डाग, कडेनं हिरवट बुरशी.

एसीवाल्यानं पाइप नीट केला. जाताना बजावलं, "भाभी, गिलावा पार काढा, भिंत महिनाभर वाळू द्या. वरून रंग मारताल तर परत निघंल." महिनाभर कुठला, लक्ष्म्या चार दिवसांवर आलेल्या. त्यांच्या मागची भिंत दरवर्षी कोरी रंगवायची, ही आमच्या घरची रीत. हे म्हणाले, "औंदा समोरच्या खोलीत मांडू की." मी ऐकलं नाही. इतकी वर्षं ज्या जागी बसतात ती जागा मोडायची कशी? तोंडाला रुमाल बांधून भिंत घासली, ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसली, दोन दिवस पंखा लावला आणि वर गुलाबी रंगाचे दोन हात मारले. भिंत इतकी छान दिसली की मी स्वतःवरच खूश.

लक्ष्म्या कुंकवाच्या पावलांनी आल्या, बसल्या. एकदा बसल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हलवत नाहीत. समई विझू नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य दाखवताना धाकट्या लक्ष्मीच्या मुखवट्यामागं मला ठिपके दिसले. राईएवढे, काळे. रंग फुगला होता आणि तोच कुबट वास धुपातूनही येत होता.

आत्याबाई समोर पाटावर बसलेल्या. त्यांच्या छातीतली शिट्टी मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी म्हणाले, "आत्याबाई, बाहेर ओसरीत चला ना."

"त्या बसल्यात आन् मी उठून जाऊ? तीन दिसाच्या तर पाहुण्या हायेत."

पंप दिला, वाफ दिली, ह्यांनी विनवण्या केल्या. त्या हलल्या नाहीत. देवी हलवता येत नव्हती, सासू ऐकत नव्हती, आणि भिंत मी रंगवली होती. मी कुणावर चिडायचं? जेवायला आलेल्या सवाशिणींना वाढत राहिले, रडूही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांची पाठवणी केली आणि तसंच आत्याबाईंना दवाखान्यात नेलं. चार दिवस ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, भिंत ठणठणीत वाळल्याशिवाय त्या घरात न्यायचं नाही. मग त्यांना जिंतूरला नणंदेकडं ठेवलं. लेकीचं लग्न झाल्यापासून तिच्या दारी कधी चार दिवसांच्या वर न राहिलेली बाई.

आता गिलावा विटांपर्यंत खरवडलाय. खिडकी सताड उघडी, पंखा दिवसभर चालू. एसीवाल्यानं युक्ती सांगितली, भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवायचा. आतून थेंब धरले तर भिंत अजून ओली. हाताला भिंत कोरडी लागते. मी आशेनं प्लॅस्टिक लावते आणि सकाळी बघते तर थेंब असतातच.

दिवाळी त्यांनी तिकडंच केली. रोज सकाळी फोन येतो. दोन शब्दांमधला श्वास मला ऐकू येतो.

"वाळली का गं भित?"

"वाळायलीय, आत्याबाई."

"मंग न्यायला कवा येता? का रंग द्यायचा राहिलाय अजून?"

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा मारणं त्यांना कधी जमलंच नाही. मी फोन कानाला धरून प्लॅस्टिकवरचे थेंब बघत उभी राहिले.