पासिंगपुरते टायर

पिकअप घेतली की आमच्याकडे पहिलं काम पाटे वाढवायचं. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसतं, बोनेटवरचा हार सुकलेला नसतो, आणि गाडी पाटेवाल्याच्या दारात मागची चाकं काढून उभी असते. मागचा भार पेलणाऱ्या कंपनीच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी दोन जाड पाटे घातले की गाडीचं मागचं अंग उंच होतं आणि दुप्पट माल भरला तरी बसत नाही. मग बाजार समितीत लोक मागून बघतात आणि म्हणतात, "काय उभी राह्यलीय गाडी!" ब्रेक तेच, टायर तेच. गाडी किती उचलते हे सगळे विचारतात. ती थांबते का, हे मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही.

मला याची चीड आहे. वयानुसार ती कमी होईल असं बायको म्हणायची. आता पन्नाशी आली. चीड वाढलीच आहे.

आमचा मळा शहराच्या कडेला आहे. कोथिंबीर, मेथी, थोडी फुलं. माल आम्ही स्वतःच्या गाडीने नेतो आणि शेजाऱ्यांचाही भाड्याने घालतो. गाडी माझी आणि धाकट्या भावाची अर्धी अर्धी होती. चालवायचा तो, सांभाळायचो मी. ऑइल वेळेवर बदलणं, रेडिएटर आतून धुऊन घेणं, क्लचची प्लेट वास मारायच्या आधी उतरवणं, ब्रेकचे लायनर स्वतः ड्रम उघडून बघणं, हे मी करायचो. गोणपाट अंथरून गाडीखाली झोपलो की भाऊ माझे पाय हलवून विचारायचा, "भाऊ, गाडी चालवायचीय का पुजायचीय?"

"दोन्ही."

"मग उदबत्ती आणू का?"

असं आमचं बरं चाललं होतं.

मग त्याला कॉम्प्रेसरचं काम मिळालं. पेठच्या बाजूला डोंगरात रस्त्याचं काम निघालं होतं. खडकाला भोकं पाडायला हवेचा कॉम्प्रेसर लागतो. तो दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला लोखंडाचा हत्तीच असतो. ट्रॉली एका साइटवरून दुसरीकडे, घाट उतरून, घाट चढून न्यायची. ठेकेदाराला ट्रॅक्टर सावकाश वाटत होता. भाऊ म्हणाला, पिकअपला हूक मारू.

मी सरळ नाही म्हणालो. तो हसला. "अरे, आपण किती गाड्यांना टोचन लावलंय! त्या द्राक्षाच्या गाडीला निफाडपासून वढत आणलं, तवा काय झालं?"

"टोचन लावतो तेव्हा मागच्या गाडीत ब्रेकवर माणूस बसलेला असतो," मी म्हणालो. "ट्रॉलीत कोण बसणार? तुझा ठेकेदार?"

"भाऊ, तू लय इचार करतो."

मी विचार करतो, हा आमच्या घरात दोष धरला जातो. ओढायला इंजिन लागतं, ते गाडीला आहे. उतारावर ओढायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. ट्रॉलीला ब्रेक नाही, म्हणजे उतारावर ती गाडीला मागून ढकलते, आणि वळणावर तिरकी ढकलते. हे समजायला शाळा लागत नाही. भावाला समजत नव्हतं असंही नाही. त्याला काम हवं होतं, आणि काम हवं असलं की माणूस समजलेलं बाजूला ठेवतो.

दोन दिवसांनी मी लासलगावहून परत आलो तर गाडीला हूक लागलेला. तोही चासीला प्लेट देऊन बोल्टने कसलेला नाही. मागच्या गार्डला वेल्डिंग मारलेलं. गार्ड म्हणजे कोणी मागून धडकलं तर हौद वाचावा म्हणून लावलेला पाइप. त्याच्यावर दोन टनांचा कॉम्प्रेसर लटकवणार! मी वेल्डिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी विचारलं होतं, गार्डला मारू का चासीला. तुमचा भाऊ बोलला, पासिंगच्या येळेला काढता आलं पाह्यजे."

पासिंगच्या वेळेला. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. गाडी रस्त्यावर चालवायला लायक आहे की नाही ते सरकार ठराविक मुदतीने तपासतं, त्याला सगळे पासिंग म्हणतात. त्या दिवसासाठी वाढवलेले पाटे काढायचे, फुटका दिवा बदलायचा, रेडियमच्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर ओळखीच्या माणसाच्या गाडीचे चांगले टायर आणून चढवायचे. शिक्का मिळाला की टायर परत, पाटे परत. याला म्हणतात 'पासिंगपुरतं'. टायर उसने द्यायला कोणी नाही म्हणत नाही. साखर मागितल्यासारखं मागतात आणि साखर दिल्यासारखं देतात. परत न करणारा माणूस हलका समजला जातो.

मी ग्राइंडर काढला आणि हूक कापला. गार्डसकट. भाऊ घरात जेवत होता. आवाज ऐकून हात न धुता बाहेर आला. ठिणग्या उडत होत्या, मी थांबलो नाही. हूक खाली पडला तेव्हा तो म्हणाला, "झालं समाधान?"

"झालं."

"गाडी निम्मी माझी हाय."

"निम्मी तुझी ना? मग निम्माच कापलाय असं समज."

हे मी गमतीने बोललो नाही. चिडून बोललो, आणि त्याच्या बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर बोललो. त्याचा चेहरा अजून दिसतो मला. चार शब्द नीट बोललो असतो, दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन चांगल्या माणसाकडून चासीला हूक बसवून घेतला असता, ठेकेदाराला ट्रॉलीला ब्रेक लावायला सांगितलं असतं, तर कदाचित ऐकलं असतं त्याने. पण मला त्या वेळी बरोबर असण्याची इतकी घाई झाली होती की भाऊ दिसलाच नाही.

महिन्याभरात त्याने वाटा सोडला आणि स्वतःची पिकअप घेतली. माझ्याच मॉडेलची, पण सटाण्याकडच्या कोणाची तरी कांदा वाहून वाहून थकलेली. तिला पहिल्याच दिवशी हूक लागला. ठेकेदाराची ट्रॉली मागे लागली आणि भाऊ घाट उतरायला लागला.

आता हिशेब बघा. आमच्या गाडीचे ब्रेक मला माहीत होते. त्या गाडीचे कोणालाच माहीत नव्हते. मी हूक कापून माझी गाडी वाचवली आणि भावाला वाईट गाडीत बसवला. हे मला कळत होतं. रोज कळत होतं. तो दिसला की मी मान फिरवायचो, कारण बघितलं असतं तर पुन्हा ओरडलो असतो.

मग त्याच्या गाडीचं पासिंग आलं. तो स्वतः आला नाही. त्याची बायको आली, कोथिंबिरीच्या वाफ्याच्या कडेला उभी राहिली आणि चप्पल मातीत घासत म्हणाली, "दादा, हे विचारत होते, टायर भेटतील का चार. पासिंगपुरते."

मी जुड्या बांधत होतो. हातातली सुतळी तुटली.

"त्याच्या टायरला काय झालं?"

"तार दिसतीये दोनाला."

तार दिसते म्हणजे रबर संपून आतली जाळी बाहेर आली. त्या टायरवर तो ट्रॉली घेऊन घाट उतरत होता. आणि तिला ते माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती ती टायरसाठी नाही.

"तू त्याला सांगत नाहीस का?" मी नको तितक्या जोरात विचारलं.

"तुम्ही सांगितलं तवा काय झालं?" ती म्हणाली. मग पदर डोक्यावर घेऊन तिथंच उभी राहिली.

मी नाही म्हणू शकत होतो. नाही म्हणालो असतो तर गाडी पास झाली नसती, उभी राहिली असती. हा विचार त्याच क्षणी आला होता, नंतरचा नाही. पण मी नाही म्हणालो तर शेजारचा देईल, शेजारचा नाही तर मंडप वाहणारा देईल. म्हणून मी दुसरं ठरवलं. टायर द्यायचे आणि परत घ्यायचेच नाहीत. माझी गाडी राहील थोडे दिवस दगडांवर.

"गाडी इथं लाव म्हणावं," मी म्हणालो. "चढवून मीच देतो. तिकडं आता मशिनवर ब्रेक बघतात, ब्रेकही बघायला लागतील."

गाडी आली. भाऊ किल्ली ठेवून ओट्यावर जाऊन बसला, मोबाइल बघत. मी चाकं काढली, ड्रम उघडले. मागचे लायनर घासून लोखंडाला लोखंड लागलं होतं. एका बाजूचा व्हील सिलिंडर गळत होता, ब्रेकच्या तेलाने सगळं चिकट. म्हणजे इतके दिवस हा माणूस नुसत्या पुढच्या ब्रेकवर आणि नशिबावर घाट उतरत होता. मी गाडीखालूनच ओरडलो, "अरे, मरायचंय का तुला?"

ओट्यावरून आवाज आला, "ब्रेक लागत होता."

"किती वेळा पाय मारल्यावर?"

"दोन-तीन."

"आणि हे तू बायकोला सांगितलंस?"

थोड्या वेळाने तो आला, जॅकजवळ उकिडवा बसला. "भाऊ, पासिंगपुरतं टाइट करून दे. बाकी नंतर बघू."

मी पासिंगपुरतं काहीच केलं नाही. लायनर नवे, सिलिंडर दोन्ही बाजूंचे नवे, होज नवे, तेल सगळं काढून नवं भरलं. तेलातली हवा काढताना ब्रेकवर पाय मारायला माणूस लागतो. त्याला बसवला. "मार... धर... सोड..." एवढंच आम्ही बोललो, पण बऱ्याच महिन्यांत इतकं बोललो नव्हतो. मग माझे टायर त्याच्या गाडीला चढवले. माझी गाडी दगडांवर टेकवली. निघताना त्याला सांगितलं, "टायर राहू दे तुलाच."

तो नुसता "बघू" म्हणाला.

गाडी पास झाली. रिकामी, ट्रॉली सोडून, स्वच्छ धुतलेली. ट्रॉली मागे लावून ती कशी थांबते हे तिथे कोणी विचारलं नाही. विचारण्याचा नियमच नसावा.

आणि दुसऱ्याच सकाळी माझ्या ओट्याजवळ माझे चार टायर एकावर एक रचलेले होते. धुतलेले. खाचांतले खडेसुद्धा काढलेले. तारवाले जुने पुन्हा त्याच्या गाडीला. तो गेला होता, पेठला, ट्रॉली घेऊन.

माझा जो संताप झाला तो मला शब्दांत मांडता येत नाही. बेइमानी केली असती तर मी समजून घेतलं असतं. त्याने इमानदारी केली! पासिंगपुरते घेतले होते, पासिंग झालं, परत दिले. दुनियेत कोणाचं काही ठेवून घेतलं नाही हा त्याचा ताठा, आणि तो ताठा कोणी शिकवला? आमच्याच घराने. मागितलेली वस्तू पुसून परत द्यायची, हे आम्हाला लहानपणी थोबाडीत मारून शिकवलेलं आहे. जीव सांभाळायचं मात्र कोणी शिकवलं नाही.

मी फोन लावला. त्याने उचलला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"कुठं हायेस?"

"घाटाच्या तोंडाला. चहा पितोय."

"टायर का परत आणले?"

"तुझे होते."

"मी तुला दिले होते."

"पासिंगपुरते दिले होते. नंतर मुदत वाढवून नको देऊ, भाऊ. तू हूक कापला तवा सगळ्यांसमोर कापला. टायर देताना का हळूच देतो?"

मी म्हणालो, "चुकलं माझं. हूक कापला ते नाही. जसा कापला ते चुकलं." वाऱ्याचा आवाज येत राहिला. मग मी पुन्हा ओरडलो, "आता ट्रॉली सोड तिथंच आणि रिकामा ये!"

"सोडता येत नाय. खाली लोक थांबलेत." मग म्हणाला, "पाय ठेवला की धरते आता. एकदाच मारावा लागतो."

"ब्रेक धरेल रे, टायरनी धरलं पाहिजे ना! दुसऱ्या गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय दाबून ठेवू नकोस, तापतील. थांबत थांबत उतर."

"माहीत हाय."

"माहीत असतं तर हे टायर..."

"खाली पोचल्यावर करतो," म्हणाला आणि ठेवला.

तो घाट मला पाठ आहे. बसल्या जागी मी प्रत्येक वळण उतरलो. बायको जेवायला बोलवून गेली, तिच्यावर खेकसलो. भावाच्या बायकोने बांधापलीकडून विचारलं, "काय म्हणाले?" तिला सांगितलं, "चहा पितोय." तेवढंच सांगायची हिंमत झाली.

फोन आला. "उतरलो," तो म्हणाला.

मी त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. त्याच्या ठेकेदाराला, त्याच्या हुकाला, त्याच्या इमानदारीला, माझ्या ग्राइंडरला. घसा बसेपर्यंत. त्याने फोन ठेवला नाही. ऐकत राहिला, मधून मधून "हां" म्हणत. शेवटी म्हणाला, "भाऊ, येताना चढ हाय. चढाला काय होत नाय."

"आणि पुढच्या आठवड्यात?"

तेव्हा मात्र त्याने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा जाणार आहे. ट्रॉलीला अजून ब्रेक नाही. टायर मी दिले तर तो घेणार नाही, आणि विकत घ्यायला कामातून वेळ काढणार नाही. काल मी ठेकेदाराचा नंबर भावाच्या बायकोकडून घेतला आहे. या वेळी ओरडायचं नाही असं ठरवून दोनदा फोन हातात घेतला, आणि दोन्ही वेळा बोलायच्या आधीच माझा आवाज चढलेला मला ऐकू आला.