ट्यूक्सबरीपासून वर

श्रीधरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्वेल्फमधल्या एका गॅरेजमध्ये, विंटर टायर्स बसवायला गाडी देऊन बसले होते. त्यांचा मुलगा ओकव्हिलहून बोलत होता. “झोपेतच गेले गं,” एवढंच म्हणाला... आणि खरं सांगते, रडण्याच्या आधी माझ्या मनात आलं, बरं झालं, हा माणूस अखेरपर्यंत बोलत राहिला. काही वर्षांपूर्वी मेंदूच्या झटक्याने त्यांची वाचाच गेली होती.

काका आमचे शेजारी, निवृत्त पाटबंधारे इंजिनियर, आणि बोलण्याच्या बाबतीत फार उदार. विषय कुठलाही असो, गाडी इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर यायचीच. तरुणपणी बर्मिंगहॅमला शिकताना ते सुट्टीच्या दिवशी हौसेने त्या नदीतला चिखल उपसायला जात. सतराव्या शतकात माल वाहणाऱ्या होड्यांसाठी एव्हनवर लॉक बांधली होती. दोन दरवाजांमधल्या हौदात नाव थांबवायची, पाणी भरायचं, की नाव वरच्या पातळीला. पुढे रेल्वे आली, वरच्या अंगाची लॉक ढासळली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथून नाव गेली नाही. हौशी माणसांनीच वर्गणी काढून ती पुन्हा उभी केली. “सरकारने नाही, वेड्यांनी!” काका सांगायचे. आमचे बटाटेवडे संपायचे, त्यांची नदी निम्मीच झालेली असायची.

असा माणूस गप्प झाला. सुमनकाकू स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, “चाळीस वर्षं ‘आता पुरे’ म्हणत आले गं. आता उरलेलं आयुष्य मी एकटीनेच बोलायचं का?”

हॉस्पिटलमधली केली नावाची स्पीच थेरपिस्ट म्हणाली, त्यांना तोंडपाठ असलेलं काहीतरी घ्या. मग नदीच आली. उगमापासून सुरुवात केली: नेझ्बी, रग्बी, वॉरिक... काका ‘ने’वरच अडायचे आणि खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचे. “टेक युअर टाइम, श्रीधर,” केली म्हणायची. काकूंनी मात्र आशा सोडली होती. “नदीही विसरले,” म्हणाल्या.

एका रविवारी मी काकांजवळ बसले होते आणि मला त्यांचंच व्याख्यान आठवलं. दुरुस्ती खालून वर करायची, कारण एक लॉक झालं की पुढच्याचं लाकूड-दगड नावेतूनच वर नेता येतं. काकांची नदी मुखापासून, ट्यूक्सबरीपासून सुरू होत होती आणि आम्ही त्यांना उगमाशी नेऊन बसवलं होतं! मी म्हटलं, “काका, ट्यूक्सबरीहून वर जाऊ या?” ओठ हलले, थांबले... “स्ट्रेन... शम.” वाटेतलं पुढचं लॉक. मग बऱ्याच वेळाने, “पर्शोर.”

त्यानंतर दर रविवारी आम्ही थोडं थोडं वर चढलो. ईव्हशम आलं, बिडफर्ड आलं. एकदा स्ट्रॅटफर्डपर्यंत पोचलो. तिथे त्यांची दुरुस्ती संपत होती, म्हणून मी टाळ्या वाजवणार, तर काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “सुमन,” ते म्हणाले, “हिरवी साडी.” दुरुस्तीनंतरची पहिली नाव स्ट्रॅटफर्डला लागली तेव्हा नव्याने इंग्लंडला आलेल्या काकू हिरवी साडी नेसून काठावर उभ्या होत्या. काकू दारातच खाली बसल्या आणि आम्ही तिघंही मनसोक्त रडलो. पुढच्या आठवड्यात काकांचं पहिलं अख्खं वाक्य आलं: “चहात साखर नाही.” काकूंनी हौसेने भांडून घेतलं.

मागच्या मंगळवारी मी काकूंना हॉस्पिटलच्या त्याच थेरपी रूममध्ये सोडायला गेले. आता त्या तिथे व्हॉलंटियर म्हणून जातात. तशीच वाचा गेलेले एक निवृत्त पंजाबी ट्रकचालक खाली मान घालून बसले होते. “ही वोन्ट इव्हन ट्राय, आंटी,” त्यांची मुलगी म्हणाली. काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या मराठी हिंदीत विचारलं, “भाईसाब, ट्रक लेके घर वापस आते थे, तो रस्ते में कौनसा गाँव आता था?”

त्यांनी मान वर केली. जबडा कितीतरी वेळ नुसताच हलत राहिला. काकू वाट बघत होत्या.

“मिल... टन,” त्यांनी इथल्याच हायवेवरच्या गावाचं नाव घेतलं.

“फिर?” काकूंनी विचारलं.