वेबसाइटवरची वहिनी

मला दिरांचा राग येतो. तोंडानं कधी म्हणाले नाही, म्हणून लिहून ठेवते.

वाळूजला आमची खानावळ आहे. म्हणजे दिरांची, स्वयंपाक माझा. कंपनीत काम करणारी, एकटी राहणारी माणसं आमच्याकडे डबा लावतात. त्यांच्यासाठी दिरांनी वेबसाइट काढली. आपलं नाव घालून उघडली की ज्याच्या त्याच्यापुरतं पान येतं. आजची भाजी, डबा निघाला की नाही, आणि वर दोन ओळी गोड बोलणं. ते गोड बोलणं कुणाच्या नावानं चाललंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी परक्या पुरुषाशी बोलत नाही. डबे न्यायला माणूस आला तरी डबे ओट्यावर ठेवून आत जाते.

एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. लासूर स्टेशनहून आलेली, पिशवी अजून खांद्यालाच.

"तूच का गं ती वहिनी?"

मी मान हलवली. खानावळीत सगळे मला वहिनीच म्हणतात.

"माझ्या मालकाला ताप आला ते मला नाय कळालं, तुला बरं कळालं! लई जीव आला का गं त्यांच्यावर?"

तिनं नवऱ्याचा मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. मी चौथी शिकलेली, मराठी वाचता येतं. वर त्याचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'दादा, तब्येतीची काळजी घ्या. तुमच्यासाठी आज तिखट कमी टाकलंय. तुमचीच वहिनी.'

हे मी लिहिलेलं नाही, एवढं तरी बोलायला हवं होतं. शेजारणी बाहेर आल्या.

"बघा, बोलंना! तोंड नाय, पर लिहायला हात बरा चालतो," असं म्हणून ती गेली.

माझे मालक कामावरून आले तोवर गल्लीनं त्यांना सगळं सांगितलं होतं. जेवताना त्यांनी एकच विचारलं, "कोण हाय तो?" मला माहीत नाही, असं मी म्हणाले. अर्धी भाकरी टाकून ते उठले.

दीर मात्र हसले. "अहो वहिनी, ते तुम्ही नाय, सर्व्हरवरचा प्रोग्राम बोलतो." आम्हा दोघांसमोर त्यांनी लॅपटॉप उघडला. इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत ती मराठी ओळ होती. नावाच्या जागी नाव नव्हतंच, नुसती खूण. जो पान मागेल त्याचं नाव प्रोग्राम तिथल्या तिथं बसवतो. कुणी पानावर ताप कळवला तर काळजीची ओळ, सुट्टी कळवली तर 'लवकर या, वाट बघते.'

वाट बघते! म्हणजे अर्ध्या वाळूजची मी वाट बघत होते.

"खाली तुमचं नाव घाला ना, भाऊजी."

"माझ्या नावानं कोण डबा लावतंय? लोकांना घरचं कुणी बोललेलं लागतं."

"खोड रे ते," मालक म्हणाले. एवढंच. माझ्याकडं बघितलं नाही.

दिरांनी तिथंच काहीतरी बदललं. एका जागी बदललं की सगळ्यांच्या पानावर बदलतं, म्हणाले. मी विश्वास ठेवला.

काल शेजारणीनं आपलं नाव घालून मोबाईलवर पान दाखवलं. 'वहिनी' गेली होती. तिथं 'मावशी' होती. वाट बघणं तसंच.

"मावशीवर कोण संशय घेतंय?" दीर म्हणाले. तोंड माझं वापरायचं आणि मला विचारायचंही नाही, यात त्यांना काही वावगं दिसतच नव्हतं.

आज सकाळी मी गॅस पेटवला नाही. पान मात्र सगळ्यांना सांगत होतं, 'मावशीनं गरमागरम पिठलं केलंय.' दुपारी फोन सुरू झाले. दीर स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वहिनी, पाया पडतो. लोक उपाशी हायेत."

"ज्यानं पिठलं केलंय, त्यालाच वाढायला सांगा."

दिरांना तोंडावर उत्तर मी पहिल्यांदाच दिलं.

उपाशी माणसांचं वाईट वाटतंय, त्यांनी काही केलेलं नाही. दीर बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेत. झालं, झालं, असं दोनदा ओरडले. मी उठले नाही. शेजारीण कामावरून आली की मावशी गेली की नाही ते तिच्या मोबाईलवर स्वतः वाचीन, मगच पीठ मळायला घेईन.