म्हशाच्या जत्रेत गेलेलं दावं

"काका बैल इकाया काढतायत. तुला फोटू काढायचं तर जत्रेच्या आदी ये," असा मावशीचा फोन आला आणि मी लीड्सहून तिकीट काढलं. मी सात वर्षांची असताना आम्ही कल्याण सोडलं. मराठी लिहायला आईने तिकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं, त्यामुळे चुका दिसल्या तर कळवा. गेली काही वर्षं मी शहापूर-मुरबाडच्या गावांत काय बदलतंय त्याचे फोटो काढते आहे. कॅमेरा उचलताना दर वेळी धाकधूक होते, की यांना विचारलं का, आणि विचारलं ते नीट विचारलं का.

कल्याणहून मुरबाडला एसटी भरपूर आहेत, बायकांना अर्धं तिकीट. मुरबाडला माळशेजकडची गाडी धरायची आणि वैशाखऱ्याला उतरायचं. रस्त्याला प्लॉटचे फलक, फार्महाऊसची कुंपणं, मधूनच भात कापलेली मोकळी खाचरं. मावशीकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं तयार होतं. गोठ्यात चांद्या आणि मोऱ्या, काकांची बैलजोडी.

मावशीचा मुलगा मंगेश भिवंडीच्या गोदामात पार्सलं भरतो. जत्रेसाठी सुट्टी काढून आला होता. "नांगरनीला टिलर भाड्यानं येतो, अर्ध्या दिसात काम. ह्यांना वरीसभर सांबाळायचं कोनी?" तो मला समजावत होता. काका मोऱ्याच्या मानेवर जू घासून झालेला घट्टा चोळत बसले.

म्हशाच्या जत्रेला जायचं तर सकाळी लवकर पोचा. गाड्या बऱ्याच अलीकडे थांबवतात. कॅमेऱ्यावर कापड हवंच, धूळ फार. घोंगड्यांच्या दुकानांपाशी गरम भजी चांगली मिळाली. बैलबाजारात भाव अजून टॉवेलखाली हात घालून, बोटं दाबून ठरतो. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातल्या हिरामणदादांशी काकांचं तसंच ठरलं. पैसे मात्र मोबाइलवर आले. काका "चहा घेतो" म्हणून निघाले ते मागे वळले नाहीत. मंगेशने एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने बैल हवाली केले. तो फोटो मला मिळाला. एका चौकटीत सगळं आलं, असं वाटून मी मनातून खूष झाले.

संध्याकाळी चुलीपाशी मावशीला तो दाखवला. चष्मा लावून ती आधी हसली, "मंग्या हिरो दिसतोय." मग स्क्रीन जवळ घेतली.

"हे तं आपलं दावं."

बैल विकला तरी दावं द्यायचं नसतं. घेणारा आपलं आणतो. जुनं सोडून घरी आणायचं आणि गोठ्यात टांगायचं. दाव्याबरोबर गुरांची बरकत घेणाऱ्याकडे जाते, मग त्या घरात पुन्हा गुरं येत नाहीत. हे जोडीचं एकच, घायपाताचं, काकांनी हाताने वळलेलं. मंगेशने तेही देऊन टाकलं होतं.

"मला कोनी सांगलं व्हतं?"

"सांगाया कशाला पायजे? डोळे मोबाइलात ना तुजे!"

"बरं, मी पार्सलनं मागवतो. परवा येल."

"दावं पार्सलनं येतं काय रं, मेल्या?"

काका हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता कुटं गुरं आनायचीत?"

"तुमी नका आनू. दावं मी आनीन."

हिरामणदादांचा फोन लागेना. मला झोपेपर्यंत एकच काळजी: आपल्या पायांनी घरी आलेली बरकत कोणी परत का देईल?

सकाळी मावशी आणि मी निघालो. मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूर. शेअर जीप स्वस्त, पण भरल्याशिवाय सुटत नाही. पुढे आसनगावहून कसाऱ्याची लोकल. दुपारी डब्यात आम्ही आणि एक कोंबड्यांची पाटी. उंबरमाळीला उतरून चढाची पायवाट. पाणी बरोबर ठेवा. मावशी वाटभर पदराखाली काहीतरी धरून.

हिरामणदादा मोऱ्याला घेऊन रानात गेले होते. त्यांच्या बायकोने आम्हाला पाहिलं आणि आम्ही विचारायच्या आधीच ती घरात गेली. बाहेर आली ती दावं घेऊन.

"आमी बांदलंच नाय गो, मावशे. सासूनं गाठ बगून सांगलं, घरचं वळलेलं हाय, ज्याचं तो येल न्यायाला. मी म्हनलं, येवडी वाट कोन चढतंय!"

"मी चढले," मावशी म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

नव्या दाव्याला बांधलेल्या चांद्याने मान वर केली. मावशीने पदराखालून दोन भाकऱ्या काढल्या. मला वाटलं, आता ती त्याच्याकडे जाईल. तिने त्या हिरामणदादांच्या बायकोच्या हातात दिल्या. "तू घाल. आता त्याला तुजा हात वळखू दे."

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. "काढ," ती म्हणाली, "पन माजं तोंड नको."

घरी पोचल्यावर दावं खुंटीला गेलं. काका एकदा उठून त्याची गाठ बघून आले.

लीड्सला परतून आता महिना झाला. माझ्या फोटोंचं प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी भाकरीचा फोटो निवडला आणि खाली ओळ सुचवली: एका घराची शेवटची बैलजोडी. मी मावशीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवली.

"शेवटची? कोन म्हनतं? काकांना तरी इचारलं का तिनं?"

मी ओळ बदलून पाठवली: विकलेली बैलजोडी, दावं घरी आहे. बाईंनी विचारलं, दाव्याचा काय संबंध? त्यांना दोन वाक्यांत उत्तर द्यायला बसले होते, ते हे एवढं झालं.