पंखा न वाजणारं मशीन

माझी नणंद बँकेत आहे. तिच्याकडचे किस्से ऐकले की माणूस पहिल्यापासून हसतो. मी लग्नाच्या फोटोस्टुडिओत काम करते, तिथं तसं नाही. आमच्याकडे आधी घाबरगुंडी उडते, आणि आठ-पंधरा दिवसांनी चहा पिताना कुणीतरी त्याच प्रसंगाची नक्कल करतं, तेव्हा कुठे हसू येतं. असे प्रसंग इतके साठलेत की सांगायला बसलं तर चहा थंड होतो. काहींचं हसू मात्र अजून यायचंय.

आमचा स्टुडिओ टीव्ही सेंटर नावाच्या चौकात, एका मेडिकलच्या वर. माणसं तीनच धरा. मालक बाळूशेठ, जगातली प्रत्येक नवी वस्तू आधी आपल्याकडे आली पाहिजे असं वाटणारे. व्हिडिओ एडिट करणारे फारूकभाई, नवी वस्तू दिसली की ज्यांना जेवण जात नाही. आणि लग्नाचे अल्बम करणारी मी, वर्षा. मला तर जुन्या वस्तूंचीही भीती वाटते!

•

व्हिडिओ तयार झाला की तो मशीनमधून शेवटचा बाहेर काढतात, त्याला एक्स्पोर्ट म्हणतात. कधी कधी अख्खी दुपार जाते, आणि मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. म्हणून एक्स्पोर्ट चालू असताना आमच्याकडे कुणी चहाची किटली लावत नाही, एसीचं बटण दाबत नाही आणि काही म्हणजे काही विचारत नाही. शेवटचा नियम फारूकभाईंचा. तोंडातून प्रश्न निघाला की लाइट जाते, अशी त्यांची खात्री आहे.

एकदा फुलंब्रीहून नवरदेवाचे वडील पेन ड्राइव्ह न्यायला आले. स्क्रीनवरची हिरवी पट्टी टोकाला टेकत आली होती. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. आम्ही त्यांना खुणेनंच बसवलं, पाणी दिलं. कुणी बोलेना. पडदे लावलेले, तिघांचे चेहरे पडलेले. ते बिचारे बराच वेळ आमच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

आणि लाइट गेली!

अंधारातून फारूकभाईंचा आवाज आला, "लाइट गई, चाचा. आप पूछे ना, इसके वास्ते गई."

•

त्याच आठवड्यात बाळूशेठ टॅबलेट घेऊन आले. पाटीएवढा, चकचकीत, सोबत एक पांढरं पेन. "यात बॅटरी आतच. लाइट जाऊ दे नाहीतर राहू दे," ते म्हणाले. "तुळशीचं लग्न लागलं की आपला नवा सीझन. तोवर वापरून बघू. जमलं तर हे कम्प्युटर विकून टाकायचे, सगळं काम ह्याच्यावर!"

फारूकभाई दोन दिवस त्याच्या बाजूनं नुसते जात-येत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इसमें राइट क्लिक किधर है?"

"बोट दाबून धरायचं."

"और पंखा?"

"पंखा नाही यात."

फारूकभाईंचा चेहरा उतरला. त्यांचं आयुष्य कम्प्युटरच्या पंख्याच्या आवाजावर गेलेलं. घरघर चालू म्हणजे काम चालू. घरघर वाढली म्हणजे धोका. हे मशीन गप्पच! आतमध्ये काम करतंय की मेलंय, कळायला मार्ग नाही. पहिला व्हिडिओ टाकल्यावर ते श्वास रोखून बघत बसले. मग हळूच टॅबलेट उलटा केला आणि लहान पोराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात त्याच्या पाठीला लावला.

"बुखार है," ते म्हणाले. "मतलब ज़िंदा है."

•

आता माझं. माझा उजवा हात थरथरतो. फार नाही, पण थरथरतो. माऊस धरला की मनगट टेबलावर टेकतं, थरथर टेबलात मुरते आणि कुणाला काही दिसत नाही. माझ्या वडिलांचा हात असाच सुरू झाला होता. शेवटी शेवटी त्यांना कपातला चहा बशीत ओतता येत नसे. त्यामुळे मी डॉक्टरकडे गेलेच नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं की ते खरं होईल, असं वाटायचं. घरी नाही, स्टुडिओत नाही, कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि टॅबलेटवर पेननं काम करायचं! मी म्हणून पाहिलं, "ह्याला माऊस जोडता येतो ना?" बाळूशेठ म्हणाले, "माऊसच लावायचा तर टॅबलेट कशाला घेतला, ताई?"

नवरीला मागच्या मंडपातून अलगद कापून वेगळं काढायचं, त्याला आम्ही कटिंग म्हणतो. त्यात सगळ्यात अवघड नथ. पेन हातात धरून मी नथीभोवती रेघ ओढायला घेतली. रेघ अशी गेली की नवरीच्या नाकाला मुंग्या लागल्यात असं वाटावं. बाळूशेठ मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"वर्षाताई, थंडी वाजतीय का?"

"हो ना. एसी जरा कमी करा."

"एसी बंद आहे, ताई."

गेली नोकरी, असं स्पष्ट वाटलं. "मग ताप असेल," मी कसंबसं म्हटलं.

तेवढ्यात फारूकभाई खुर्चीवरून उठले, टॅबलेटच्या पाठीला हात लावला आणि बाळूशेठना म्हणाले, "हौ, बुखार है. बच्चा तप रहा है. थोड़ा आराम दो."

त्यांना कळलं होतं की नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही.

•

कम्प्युटरवर गिऱ्हाईक आपल्या मागे बसतं आणि लांबून बोट दाखवतं. टॅबलेट सरळ त्यांच्या हातात जातो. बाळूशेठना ह्याचंच कौतुक होतं.

सिडकोतलं एक कुटुंब फोटो निवडायला आलं. नवरीची आई आणि मामा. मामांनी टॅबलेट मांडीवर घेतला. हार घालतानाचा फोटो होता. त्यावर कटिंग चालूच राहिलेलं. मामांनी नवरीभोवती बोट गोल फिरवलं, "ही बघा आमची..." असं म्हणाले, आणि नवरी गायब! मंडप आहे, नवरदेव आहे, हवेत अधांतरी हार आहे, नवरी नाही.

"पोरगी कुठं गेली?" आई ओरडल्या. मामांच्या हाताला घाम फुटला. ते आणखी बोटं दाबत सुटले, तसा नवरदेवाचा फेटाही गेला.

कम्प्युटरवर चूक झाली की डाव्या हाताची दोन बोटं आपोआप दोन बटणं दाबतात आणि चूक मागे जाते. त्याला विचार लागत नाही. इथं बटणंच नाहीत. मी बघितलं तर फारूकभाई घाबरून रिकाम्या टेबलावर तीच दोन बोटं दाबत होते. लाकडावर! पुन्हा पुन्हा!

शेवटी बाळूशेठना आठवलं. दोन बोटांनी स्क्रीनवर टिचकी मारायची. त्यांनी मारली. फेटा आला. परत मारली. नवरी आली, मान खाली घालून, जशी होती तशी.

आईंनी डोळे पुसले. मामांच्या मांडीवरून टॅबलेट उचलला आणि टेबलावर दूर सारला. "आता कुणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "एकदा गेली तेवढी बास झाली."

•

ऐन वैशाखात देवगाव रंगारीचं लग्न होतं. बाळूशेठनी ठरवलं की सकाळच्या हळदीचा व्हिडिओ तिथंच टॅबलेटवर एडिट करायचा आणि संध्याकाळी मांडवातच पडद्यावर दाखवायचा. हळदीचं सगळं शूटिंग टॅबलेटमध्ये घेतलं, कॅमेऱ्याची कार्डं लग्नासाठी रिकामी केली. म्हणजे हळद आता जगात एकाच ठिकाणी होती.

दुपारी मांडवातल्या पत्र्याखाली टॅबलेट तापला. स्क्रीनवर तशी सूचना आली आणि सगळं काळं. ह्या वेळी फारूकभाईंनी त्याच्या पाठीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा लगेच मागे घेतला.

नवरदेवाची आत्या खमकी. म्हणाली, "आणा इकडं. नासंल ते अशा उन्हात!" तिनं तो टॉवेलात गुंडाळला आणि घरातल्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवला. श्रीखंडावर पोरं टपलेली, म्हणून फ्रिजला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली आणि नवरदेवाबरोबर मारुतीला निघून गेली!

बाळूशेठ भर उन्हात अनवाणी तिच्या मागे पळाले. फारूकभाई फ्रिजला कान लावून बसले. मी विचारलं, "काय ऐकताय?"

"कुछ नहीं. कम से कम ये तो आवाज़ करता है."

आत्या आली, कुलूप काढलं, टॅबलेट बाळूशेठच्या हातात ठेवला. "घ्या. लई तापलं हुतं, आता थंडगार पडलंय!"

बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. बाळूशेठनी तो टॉवेलानं खसाखसा पुसला. थोड्या वेळानं स्क्रीन उजळली, तेव्हा ते आत्याला हात जोडून एवढंच म्हणाले, "आत्याबाई, थंडगार पडलंय असं नका हो म्हणू. माझंच काळीज थांबलं."

•

तुळशीचं लग्न जवळ आलं. एवढं होऊनही बाळूशेठचं मन टॅबलेटवरच होतं. जुने कम्प्युटर बघायला एक जण येऊनही गेला. मी रात्री अंथरुणात पडले की उजवा हात डाव्या हातात दाबून धरायची.

एक दिवस अजिंठ्याकडचे लोक आले. मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, अल्बम आमचा नेहमीप्रमाणे रखडलेला. नवरी, तिची आई आणि तिचे काका. नवरीचे वडील दोन-तीन वर्षांपूर्वी वारलेले. अशा घरांत एक मागणी असतेच, गेलेल्या माणसाला कुटुंबाच्या फोटोत आणून उभं करायचं. काकांनी त्यांचा एक जुना फोटो आधीच पाठवला होता. पांढरा सदरा, रुंद खांदे, हात पाठीमागे. "आमचा दादा पाहिजेच फोटोत," काका म्हणाले. "पोरीचं लगीन, अन् बाप नाय म्हंजी काय!"

बाळूशेठनी मला बाजूला घेतलं. "ताई, हे टॅबलेटवरच करा. त्यांच्यासमोर. लोकांना कसं वाटतं ते बघू, आणि आजच काय ते ठरवून टाकू."

कटिंग मी सकाळीच कम्प्युटरवर गुपचूप करून ठेवलं होतं. राहिलं होतं ते फक्त वडिलांना उचलून फोटोत ठेवायचं. मी पेन धरलं. वडील फोटोत आले, आणि माझ्या हाताबरोबर जागच्या जागी थरथरायला लागले.

"दादा हलतोय का काय!" काका हसले. बाळूशेठ हसले नाहीत. ते माझ्या हाताकडे बघत होते.

मी पेन खाली ठेवलं आणि टॅबलेट नवरीच्या आईपुढे सरकवला. "ताई, तुम्हीच ठेवा की. बोटानं सरकवायचं. तुम्हाला पाहिजे तिथं उभं करा."

त्यांनी हात पुढे केला नाही. पदर सारखा करत बसल्या.

"वहिनी, लावा ना हात," काका म्हणाले. "तुमच्याच शेजारी उभा करा."

त्यांनी एक बोट पुढे केलं, चटका बसेल असं. ते वडिलांच्या खांद्यावर टेकलं. मग त्यांनी ते घाईनं आपल्याकडे ओढून घेतलं, पण ह्या मशीनमध्ये बोट जाईल तसं चित्र मागे येतं. वडील नवरीला ओलांडून सरळ आईच्या अंगावर आले.

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. त्या उठून मागे भिंतीला टेकल्या होत्या आणि मार चुकवावा तसं त्यांचं कोपर चेहऱ्यासमोर आलं होतं.

नवरीनं खुर्ची उचलली. आईजवळ जाऊन तिचा हात हळूच खाली घेतला. काका फरशीकडे बघत होते.

बाळूशेठनी आपल्या सवयीनं विचारलं, "काय झालं ताई? टॅबलेट आवडला नाही का?"

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या कम्प्युटरवर करा. ह्याच्यात ते हाताला लागतेत."

बाळूशेठ उठले आणि त्यांनी स्वतः माझ्या कम्प्युटरचं बटण दाबलं.