टँकर नाकारणाऱ्या बायकांसोबत सूर्यमाळला

"यायचं तर आत्ताच ये, आम्ही तहसीलवर बसणार आहोत," असं सुनीता म्हणाली, म्हणून मी ऐन मे महिन्यात मोखाड्याला गेले. ही माझी कॉलेजातली मैत्रीण, तिकडच्या एका संस्थेत काम करणारी.

नाशिकहून त्र्यंबकमार्गे एसटी मिळते. घाटात खिडकीची जागा पकडा, पण या दिवसांत डोंगर करपलेले असतात. मोखाड्याहून खोडाळा आणि पुढे सूर्यमाळ, जीपने. जीप भरल्याशिवाय हलत नाही.

पाड्यावर सुनीताच्या ओळखीच्या भागीबाईंकडे उतरले. नागलीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. जेवताना पाणी मागायची लाज वाटली. विहिरीच्या तळाशी बसून वाटीने हंडा भरताना मी त्यांना नुकतंच पाहिलं होतं. तालुक्यातल्या धरणाचं पाणी मात्र शहरात जातं.

दुसऱ्या दिवशी पाच-सहा पाड्यांच्या बायका रिकामे हंडे घेऊन तहसीलसमोर बसल्या. साहेब बाहेर आले. "उद्यापासून टँकर देतो. उठा आता."

भागीबाई म्हणाल्या, "टँकर दर सालाला येतो, साहेब. आमाला धरणाचं पानी पायजे, नळानं."

साहेब आत गेले. तेवढ्यात सुनीताला संस्थेच्या प्रमुखांचा फोन आला. मला शेजारी ऐकू येत होतं. "तुला पाण्याची पिंपं वाटायला ठेवलंय. आंदोलन करायला नाही."

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि तशीच बसून राहिली.

रात्र तिथेच काढली. सकाळी इतर पाड्यांना टँकर सुरू झाला. त्यांच्या बायका एकेक करून निघून गेल्या. भागीबाईंचा पाडा वगळला होता. त्यांची जाऊ सर्वांदेखत म्हणाली, "तुझ्या नळापायी माझी पोरं तहानली." दुपारी आमच्या पाड्याच्या बायकाही उठल्या. संध्याकाळी टँकर पाड्याच्या विहिरीत रिकामा झाला, आणि झुंबडीत भागीबाईंना कोणी पुढे जाऊ दिलं नाही.

घरी परतले तरी ती झुंबड डोक्यातून जात नव्हती. त्यातच सुनीताची नोकरी गेली. तिने मोखाड्यातच खोली घेतली आहे. परवा फोनवर म्हणाली, जाऊ अजून भागीबाईंशी बोलत नाही, पण त्या फिरतायत; आधी उठून गेलेल्या पाड्यांवरच.

"त्यांच्याकडे कशाला?" मी चिडून विचारलं.

"त्यांना सोडून बसलो तर परत असंच होईल."

"मग ऐकतात का ते?"

"बसायलाही सांगत नाहीत. भागीबाई उभ्यानेच बोलून येतात."